कुत्रं चावलं म्हणून नरनाळा

ज्या वर्षांत कापसाला भाव आला, त्या वर्षांत आमच्या गावातल्या माणसांना काय विकत घ्यावं ते समजेनासं झालं. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या पऱ्हाटीला भाव आला होता म्हणे. लढाई कोणाची आणि कशावरून, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ती लवकर संपू नये, एवढं मात्र सगळ्यांना वाटे.

माझं सासर मूर्तिजापूरपासून चार कोसांवर. सासऱ्यांनी बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या बसवल्या, सासूला पाटल्या केल्या, छत्री घेतली आणि शेवटी अमरावतीहून एक खुर्ची आणली. तीवर ते पाय वर घेऊन, मांडी घालून बसत. खाली पाय सोडून बसायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. खुर्ची आल्यावर बाजारात घ्यायला काही उरलं नाही. मग त्यांनी काही तरी बघायला जायचं काढलं.

हे वेड तहसिलीतल्या एका कारकुनानं त्यांच्या डोक्यात भरवलं. साहेब लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात आणि गाविलगडाच्या पडक्या भिंती बघत हिंडतात, असं तो म्हणाला. आताशा पैसेवाली माणसंही जातात, गर्दी असते.

सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पडलेलं पाहाले इतल्या दूर कावून जाता? आपल्या गोठ्याची भित पडली हाय. तिच्यापुढं खुर्ची टाका न् पाहा दिवसभर."

"तुले समजत नाही. ते जुनं हाय."

"मी बी जुनी हाय. माह्याकडं कोनी पाहाले येत नाही."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि चुलीपुढं बसून हे ऐकत होते. गडाचं मला काही नव्हतं. दगड मी पाहिलेले होते. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

माझं माहेर अकोटाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या गडाखाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. कापसाला भाव आला आणि सुनांची माहेरं बंद झाली. बोंड फुटलं की घरातला एकेक हात मोलाचा. वेचणी झाली की धाडू, म्हणायचे. वेचणी झाली की सरकी काढायची असे, ते झालं की पऱ्हाट्या उपटायच्या असत, मग पेरणी. मागल्या दिवाळीला माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. सासूनं त्याला पाणी दिलं, भाकर दिली आणि त्याच्याही कमरेला ओटी बांधून वावरात उभा केला. तीन दिवस त्यानं कापूस वेचला आणि चौथ्या दिवशी एकटाच परत गेला. आई त्याला काय बोलली असेल ते मला इथं बसून ऐकू आलं.

तेव्हा गड बघायला जायचं म्हटल्यावर मी एवढंच धरलं, की जायचं तर गाविलगडाला जायचं नाही. नरनाळ्याला जायचं. वाटेत मुक्काम व्याह्यांच्याच घरी पडणार, दुसरीकडे कुठं पडणार? पण तेरा वर्षांच्या सुनेनं सासऱ्यापुढं तोंड कसं उघडायचं? आम्ही सासऱ्यापुढं उभ्यासुद्धा राहत नसू. डोकीवर पदर घेऊन दाराआडून जायचं.

ते काम कुत्र्यानं केलं.

आमचं एक पिवळं कुत्रं होतं. खुर्ची आल्यापासून ते तिच्याखाली सावलीला झोपत असे. मार्गशीर्षात एका दुपारी सासरे जेवून आले, खुर्ची थोडी ओढली, तिचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर आला आणि वर सासरे बसले. कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली. फार लागलं नाही. चार दात उमटले. सासऱ्यांनी मात्र गाव गोळा केलं.

सासूनं जखमेत हळद भरली आणि कुत्र्याला भाकर घातली. "कुत्रं धड हाय," ती म्हणाली. "तेच भेलं बिचारं."

माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण आमच्याच घरी राहत असे. विधवा होती. सगळे तिला मोठीबाई म्हणत. तिच्या कानात पडलेलं काही तिच्या पोटात राहत नसे, आणि एरवी मी त्यासाठी तिला मनातल्या मनात फार बोलत असे. त्या दिवशी आम्ही दोघी सरकी निवडत बसलो होतो. मी खाली मान घालून म्हणाले, "आमच्या तिकडं कुत्रं चावलेलं मानूस नरनाळ्याले आनतात. वर शक्कर तलाव हाय. त्यात बुडी मारायची न् मांगं न पाहाता गड उतरायचा. विष निंगून जाते."

हे मी बनवलेलं नव्हतं. आमच्याकडे खरंच तसं मानत, आणि लांबलांबून माणसं येत. मी फक्त योग्य जागी सांगितलं.

मोठीबाईनं सरकीची सुपली खाली ठेवली. ती ओसरीवर पोचली तेव्हा माझ्या हातातली मूठभर सरकीसुद्धा निवडून झाली नव्हती.

सासऱ्यांना ते फारच पटलं. साहेब लोक नुसतं बघायला जातात, आपल्याला कामही आहे. नरनाळाही जुना, नरनाळाही पडका, शिवाय विष उतरतं. गाविलगड तिथंच मागं पडला.

सासू म्हणाली, "मंग उद्याच जा ना. विषाले काय वाट पाहाले लावता?"

"वेचनी कशी टाकू? फागुनात जाऊ."

"तवपर्यंत विष थांबते?"

"विष थांबते. कापूस नाही थांबत."

अशा रीतीनं मार्गशीर्षात चावलेल्या कुत्र्याचं विष फाल्गुनात उतरवायचं ठरलं, आणि मधले तीन महिने आमच्या घरात बेत चालला.

सासऱ्यांनी पेठेतल्या आडत्यांना यादी करताना पाहिलं होतं, म्हणून आपलीही यादी पाहिजे. घरात लिहिता येणारी मी एकटी. माझ्या वडिलांच्या ओसरीवर मास्तर शाळा भरवत, तिथं दाराआड बसून मी तीन पुस्तकं शिकले होते. माझं सगळं शिक्षण तेवढंच. मग रोज जेवणं झाली की मी दाराच्या आतून पाटी-कागद घेऊन बसे, सासरे बाहेर खुर्चीवरून बोलत, मोठीबाई उंबऱ्यावर बसून त्यांचं मला आणि माझं त्यांना सांगे. मध्ये तीन हातांचं अंतर होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं, पण रीत ती रीत.

पहिल्या दिवशी यादीत चार जिनसा होत्या. आठव्या दिवशी चाळीस झाल्या. सासूचा या बेतावर विश्वास नव्हता, पण जायचंच तर उपाशी मरायचं नाही, एवढं तिचं म्हणणं होतं. तिकडचं पाणी बाधतं म्हणून आपल्या विहिरीच्या दोन घागरी. ज्वारी, कारण डोंगराच्या माणसांची ज्वारी बारीक असते. लोणच्याची बरणी. मोठीबाईला झोपायला बाज. सासऱ्यांना खुर्ची. खुर्ची गडावर कशाला, असं सासूनं विचारलं.

"वर जाऊन बसू कशावर?"

"दगड पाहाले चालले ना? त्याच्यावरच बसा."

खुर्ची यादीत राहिली.

मला भीती एकच होती. यादी लांब झालेली पाहून सासू म्हणेल, एवढं कोण नेतं, राहू द्या. म्हणून मी अक्षर बारीक काढायला लागले. दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ लिहिली. सासू कागद हातात घेऊन बघे. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद एकच आहे हे तिला दिसत होतं. "आं, एकच तर कागद हाय," असं म्हणून ती परत देई. पुढं पुढं मलासुद्धा माझं अक्षर लागेना. मग मी मनानंच म्हणून दाखवत असे.

सगळ्यांत मोठी गोष्ट सरपणाची. आम्ही काळ्या मातीची माणसं. आमच्याकडे झाड म्हणजे पारावरचा पिंपळ आणि बांधावरच्या दोन बाभळी. चूल पेटते ती वाळल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काटक्यांवर. तेव्हा पाच-सहा दिवस चूल पेटवायची तर पऱ्हाट्या किती लागतील याचा हिशेब सासूनं मोठीबाईला घेऊन केला आणि अख्खी एक गाडी पऱ्हाट्यांची भरायचं ठरलं. आम्ही चाललो होतो मेळघाटच्या रानाच्या तोंडाशी. तिथं सागाची लाकडं वाटेत आडवी पडलेली असतात. हे मला माहीत होतं. पण मी म्हणाले असते, की तिकडं लाकूड फुकट मिळतं, तर सासू म्हणाली असती, 'माहेरची बढाई नको सांगू.' म्हणून मी यादीत लिहिलं, पऱ्हाट्या, गाडी एक.

सासरे त्यांच्या बाजूनं तयारीला लागले. गड चढायचा म्हणजे चढायची सवय पाहिजे. आमच्या गावात चढ नाही. गावापासून चार कोसांत कुठं चढ नाही. पण माजघरात कापसाची गंजी होती, आढ्याला टेकलेली. ते धोतर खोचून तीवर चढायला लागले. पहिल्याच दिवशी अर्ध्यात गेले आणि काखेपर्यंत आत रुतले. हाका मारत होते, पण तोंडात कापूस गेल्यामुळे काय म्हणत होते ते समजेना. सासू काठी घेऊन आली. तिला वाटलं, आत मांजर व्यायली. मग दोघी-तिघींनी हात धरून त्यांना ओढून काढलं. मिशांना, भुवयांना, कानांना कापूस. चार दिवस म्हाताऱ्या कोल्ह्यासारखे दिसत होते.

"गड असाच असते का?" मोठीबाईनं विचारलं.

"यापेक्षा टणक असते," सासरे म्हणाले, आणि सराव पुरा झाला.

माझा नवरा या बेतात नव्हता. तो कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या पेठेच्या खेपा करत होता. चांगल्या बैलजोड्या सगळ्या तिकडे. उरल्या त्या म्हाताऱ्या दोन जोड्या आमच्या वाट्याला आल्या. दोनदा मुहूर्त ठरला आणि दोनदा भाव वाढला म्हणून मोडला. दोन्ही वेळेस मी गोठ्यात जाऊन बैलाची पाठ थापटत रडले. तिसऱ्या वेळेस भाव पडला, सासरे चिडले आणि त्या रागातच आम्ही निघालो.

दोन गाड्या. एकीत माणसं, खुर्ची आणि बाज, दुसरीत पऱ्हाट्या. वाटेत भेटणारा माणूस थांबून विचारी, "कुठी नेऊन राहिले पऱ्हाट्या?" सासरे म्हणत, "डोंगरात." मग तो माणूस आमच्याकडे फार वेळ बघत राही. अकोटाच्या पुढं लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणारी माणसं लागली, एकामागं एक. सासू त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं वळून आपल्या पऱ्हाट्यांच्या गाडीकडे बघितलं, आणि मी यादीचा कागद कमरेला खोचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं घर दिसलं. मी गाडीतून उडी मारणार होते. तेवढ्यात सासूनं नुसतं खाकरलं आणि मी पदर पुढं ओढला. तेव्हा मला माझी चूक समजली. तीन महिने मी कागदावर इतकं लिहिलं, पण ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सासूला घेऊन माहेरी गेलं, की माहेरचं सासर होतं.

आई दारात उभी होती. तिनं आधी विहिणीचे पाय धुतले, मग मोठीबाईचे. माझ्याकडे बघितलं, आणि पाण्याचा तांब्या माझ्याच हातात दिला. मी सून होते, पाहुण्यांचं करणं माझं काम. माझ्याच घरात मी पदराआडून वाढत होते, उरलं तर जेवत होते. आई चुलीपुढं, मी पंगतीत, मध्ये सासू दारात बसलेली. आईनं मला गूळसुद्धा दिला तो विहिणीला विचारून.

"देऊ का इहीनबाई, पोरीले?"

"द्या ना. तुमचाच गूळ."

व्याह्यांचा पाहुणचार म्हणजे काय असतो ते सांगायला नको. पुरण झालं, वडे झाले, वांग्याची तेलात बुडालेली भाजी झाली. सासऱ्यांनी अंगणात खुर्ची टाकली. गावानं खुर्ची कधी पाहिली नव्हती, म्हणून माणसं येऊन बघून जात. सासरे तीवर मांडी घालून बसत आणि समोर डोंगरावर नरनाळ्याची भिंत दिसे.

दुसऱ्या दिवशीही कोणी गडाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी सासरे वडिलांना म्हणाले, "इवाई, गड तं इथूनच दिसते."

"दिसते ना."

"मंग पाहून झाला. पोटरीबी आता दुखत नाही. उद्या निंगतो."

मी आत पत्रावळी लावत होते. माझे हात थांबले. दोन दिवसांत आईशी मी एकटीनं चार शब्द बोलले नव्हते, आणि उद्या निघायचं.

विहिरीवर पाण्याला जाताना आई मागून आली. घागर भरेपर्यंतचा वेळ होता.

"उद्या जातो म्हणतात," मी म्हणाले.

"आयकलं मी. रडू नको, घागर सांडशील." तिनं दोर ओढला. "तुह्या सासऱ्याले खरंच कुत्रं चावलं?"

"शेपटीवर बसले होते."

आई हसली नाही. "बरं," म्हणाली.

घरी येऊन तिनं भाकरी टाकल्या आणि विहिणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मोठीबाईला सांगितलं, "तुमी जाता तं जा बाई. पन एक सांगतो. कुत्रं चावलेलं मानूस पायथ्यावरून परत गेलं, तं ते भुंकते. आमच्या शेजारच्या गावचा एक बुढा असाच परत गेला. आता घरचे त्याले दारच्या ढेलजेत बांधून ठेवतात."

असा कोणी म्हातारा नव्हता. मी तिथंच जन्मले, मला ठाऊक असतं.

मोठीबाई उठली. थोड्या वेळानं अंगणातून सासऱ्यांचा आवाज आला, "इवाई, पहाटे कधी निंगा लागते?"

आता मी मात्र मागं कशी राहणार? मी सून, पाहुण्यांबरोबर जाणार, पाणी-भाकर मी उचलणार. सासूनं तसं म्हटलंही. आई ताटं पुसत म्हणाली, "न्या ना. पन तलावात इवायाले अंगावरचे कपडे काढून बुडी मारा लागते. सुनेपुढं?"

मग सासूनं माझ्याकडे बघितलं आणि तिला खरोखर वाईट वाटलं. "एवढं तीन महिने लिवलं पोट्टीनं," ती म्हणाली, "न् तिलेच पाहाले भेटत नाही." पण सासू ती सासूच. सकाळी निघताना वडिलांनी तिला भेट म्हणून दिलेलं मिरच्यांचं पोतं तिनं माझ्यापुढं ओतलं. "येतपर्यंत देठं खुडून ठेव. रिकामी बसू नको."

वडील पुढं, सासरे त्यांच्यामागं, मग सासू आणि मोठीबाई. खुर्ची डोक्यावर घ्यायला एक गडी ठरवला होता. ती सगळी माणसं पांदीच्या वाटेला वळेपर्यंत मी हात जोडून उभी होते. वळली, आणि मी पदर डोक्यावरून खाली टाकला.

मला आईला फार सांगायचं होतं. कुठून सुरू करायचं ते दोन वर्षं मी ठरवत होते. आईनं मला चुलीजवळ बसवलं, तेलाची वाटी घेतली, केस सोडले आणि टाळूवर तेल घातलं. तिचे हात खरबरीत होते. मी म्हणाले, "आई, तिकडं ना..." आणि पुढचं मला आठवत नाही, कारण मी झोपले.

उठले ते बाहेरच्या आवाजानं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. सासऱ्यांचा आवाज, मोठीबाईचा आवाज, सासूची बोलणी. मी ताडकन बसले. माझ्या अंगावर गोधडी होती आणि डोक्याखाली आईचं लुगडं.

"उठवलं कावून नाही?" मी ओरडलेच. "सारा दिवस गेला! मले किती बोलायचं होतं!"

आई माझ्या समोर बसली होती. तिच्या एका बाजूला देठं काढलेल्या मिरच्यांचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला देठांचा. तिचे दोन्ही हात परातीतल्या ताकात होते, मनगटापर्यंत लाल.

"चार बार उठवलं," ती म्हणाली. "मेलेल्या ढोरावानी पडली होती. सांगायचं ते समजलं मले. पदर घे, आले ते."

मी पदर घेतला आणि पाय धुवायला पाणी घेऊन बाहेर गेले.

सासऱ्यांची मान ताठ होती. मागं बघायचं नाही म्हणून ते गडावरून खालपर्यंत मान न वळवता आले होते, आणि अंगणात येऊनही वळवायला तयार नव्हते. अर्ध्या वाटेत सासूचा पाय मुरगळला. तिनं दहा हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिला मोठीबाईनं आणि खुर्चीवाल्या गड्यानं खुर्चीत बसवून आणलं. त्या खुर्चीत पाय खाली सोडून बसलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

"गड कसा हाय, मामी?" मी विचारलं. सासूला आम्ही मामी म्हणत असू.

"दगड हायेत," ती म्हणाली. "माकडं हायेत. एक मोठी तोफ हाय, आडवी पडली हाय. उचलाले कोनी नाही." मग तिनं आत वाकून बघितलं. मिरच्यांचा ढीग दिसला. एवढं सगळं एका दिवसात होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"सारं तूच खुडलं व?"

मी आईकडे बघितलं. आईनं हात पदराखाली घेतले होते.

"हो," मी म्हणाले.

"हात जळजळून राह्यले असतीन. इकडं ये." सासूनं परात ओढून घेतली, मला पुढ्यात बसवलं आणि माझे दोन्ही हात धरून ताक लावायला लागली, बोट बोट, कोपरापर्यंत. दोन वर्षांत ती माझ्याशी इतकी चांगली कधी वागली नव्हती. माझ्या हातांना काही झालेलं नव्हतं. ताक थंड होतं आणि मला हुडहुडी भरली. आई दाराला पाठ टेकून उभी होती, पदराखाली बोटं चोळत, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी काही बोललो नाही.